अंत्युखियाची पंगत

ख्रिस्ती धर्मातला नियमनिष्ठा आणि स्वातंत्र्य यांचा वाद पहिल्या शतकात ऐरणीवर आला, तो जेवणाच्या पंगतीत. त्या वेळच्या सिरियातील अंत्युखिया शहरात यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासणारे एकत्र जेवत. येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसे. पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, तसा पेत्र बिचकला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून प्रेषित पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा उठला. हा उघड पंक्तिभेद होता. पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच हा प्रसंग सांगितला आहे.

या पंक्तिभेदामागचा प्रश्न असा होता: बिगरयहुदी माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तरी त्याने सुंता करून मोशेचे नियमशास्त्रही पाळलेच पाहिजे का? भाविक यहुद्याला नियमशास्त्र जाचक वाटत नसे. देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराची ती खूण होती. पौल स्वतः नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परूशी पंथात वाढलेला. त्यानेही नियमशास्त्राला वाईट म्हटले नाही, बालरक्षक म्हटले. त्या काळच्या सुखवस्तू ग्रीक घरात बालरक्षक हा बहुधा गुलाम असे. मुलाला शिक्षकाकडे नेणे-आणणे, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणे हे त्याचे काम. मुलगा जाणता झाला की ते संपे. ख्रिस्त आल्यावर नियमशास्त्राचेही तसेच झाले, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, असे पौलाचे म्हणणे होते.

इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमला प्रेषितांची आणि वडील मंडळींची सभा भरली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार बिगरयहुद्यांवर सुंतेची सक्ती करू नये, असे तिथे ठरले. मूर्तीला वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म मात्र वर्ज्य सांगितले गेले.

पौलाच्या वागण्यात वरवर विसंगती दिसते. तीत हा ग्रीक सहकारी. त्याची सुंता होऊ नये, यावर पौल अडून बसला. तीमथ्य या दुसऱ्या सहकाऱ्याची आई यहुदी होती; त्याची सुंता पौलाने स्वतः करवली. पहिल्या वेळी सुंता ही तारणाची अट म्हणून मागितली जात होती. दुसऱ्या वेळी ती यहुदी लोकांत वावरताना आड येऊ नये म्हणून केलेली सोय होती. कृती एकच, पण एकीत दास्य होते आणि दुसरीत नव्हते.

स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार, हा अर्थही पौलाने फेटाळला. करिंथ शहराच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, यावर तंटा होता. मूर्तीला काही अस्तित्व नाही, तेव्हा खाण्यात दोष नाही, हे त्याला मान्य होते. पण आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागणार असेल, तर मांस सोडायची त्याची तयारी होती. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली. तिचे सूत्रही हेच: विश्वासाने माणूस कोणाला बांधील नाही, आणि प्रेमाने तो सर्वांचा सेवक आहे.

या वादाचा एक अध्याय ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडतो. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान शिल्लक दिसे. रमाबाईंनी खाण्यापिण्याच्या आपल्या सवयी लपवल्या नाहीत, की त्यांबद्दल माफी मागितली नाही. धर्माच्या बाबतीत आपला विवेक आपण कोणाच्या हाती देणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट कळवले. जेराल्डिन यांच्या लेखी जुना आचार सोडणे ही मोकळीक होती, तर रमाबाईंच्या लेखी तो सोडायला लावणे हाच नवा नियम होता. अन्नाने कोणी देवाच्या जवळ जात नाही, हे पौलाचे मत इथे दोन्ही बाजूंना लागू पडते: खाणाऱ्याचे त्यात काही वाढत नाही आणि न खाणाऱ्याचे काही घटत नाही.