जुना लॅपटॉप आणि प्रोसेसरची झोप



विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. धडधाकट लॅपटॉप कपाटात गेले आणि घरोघरी एक भाचा उगवला : ‘काका, लिनक्स टाका, बॅटरी दुप्पट चालेल.’ (हशा) भाच्यांशी माझं भांडण नाही. मी रोज लिनक्सच वापरतो, तेव्हा मला विरोधी पक्षात बसवू नका. पण बॅटरी सिस्टिमच्या नावावर चालत नाही. प्रोसेसरला किती झोपू दिलं जातं, त्यावर चालते. आज मी एवढंच सांगायला आलोय.

आपण टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांमधला काळ प्रोसेसरला भरपूर होतो. तेवढ्यात त्यानं झोपावं अशी सोय चिपमध्येच असते. झोप जितकी गाढ, तितके जास्त भाग बंद. अडचण उठवणाऱ्यांची आहे. गाढ झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून ‘लागली का हो झोप?’ असं विचारलं तर काय होईल? (हशा) लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अनेक वर्षं हेच करत होतं. काम असो वा नसो, सेकंदाला शेकडो वेळा ठोका. २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या वेळी तो थांबवता येऊ लागला. त्याच वर्षी इंटेलमधल्या अर्यान व्हॅन डी व्हेन यांनी ‘पॉवरटॉप’ काढलं. कुठला प्रोग्राम सेकंदाला किती वेळा उठवतोय याची यादीच ते समोर ठेवतं. चार्जर काढला की किती वॅट जाताहेत तेही दाखवतं.

आता २०११ ची गोष्ट. दोन वाक्यांत उरकणार होतो, पण ती नीट सांगायलाच हवी. कर्नल २.६.३८ आलं आणि लोकांच्या लॅपटॉपची बॅटरी लवकर संपू लागली. फोरॉनिक्स या संकेतस्थळाच्या मायकेल लाराबेल यांनी मोजमापं छापली; ‘लिनक्स हलकं’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. चोर सापडला पीसीआय-एक्स्प्रेसच्या जोडणीत. वाय-फाय कार्डासारख्या भागांच्या या जोडणीलाही रिकाम्या वेळी झोपवता येतं. त्याला एएसपीएम म्हणतात. काही लॅपटॉपचं बायोस, म्हणजे यंत्र चालू होताना आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, ती झोप स्वतःच चालू करून ठेवी आणि वर सांगे, ‘ही सोय इथे नाही.’ लिनक्सनं ते शब्दशः ऐकलं आणि सगळीकडची झोप बंद केली! उपाय सुचला कर्नलवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांना, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या एका सादरीकरणावरून. त्यावरून त्यांनी ताडलं की बायोसनं पूर्ण ताबा दिला नसेल तर विंडोज तिथे हातच लावत नाही, जे आहे ते तसंच ठेवतं. लिनक्सनंही तेच करावं, असा बदल त्यांनी पाठवला. यंत्र तेच, बॅटरी तीच. एका निर्णयानं तास कमी झाले आणि एका निर्णयानं परत आले. म्हणून ‘कुठली सिस्टिम चांगली’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं? बरं.

बॅटरी किती तास चालेल याचा हिशेब सोपा आहे. नवेपणी ५७ वॅट-तासांची बॅटरी झिजून ३६ वर आली असं धरा. १२ वॅट जात असतील तर तीन तास, ९ वर आणले तर चार. झिजलेले २१ कुठलीही सिस्टिम परत देणार नाही. विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढून झीज पाहावी आणि मगच भाच्याला बोलवावं.

व्हिडिओचं तर राहिलंच. यूट्यूब बहुधा व्हीपी९ या पद्धतीनं आवळलेलं चित्र पाठवतं. दहा-बारा वर्षांपूर्वीची ग्राफिक्स चिप एच.२६४ ही जुनी पद्धत स्वतः उलगडते, व्हीपी९ बहुधा नाही. मग ते ओझं प्रोसेसरवर येतं आणि झोपेचं खोबरं होतं, सिस्टिम कुठलीही असो. एच.२६४ च मागायला लावणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकून पाहा.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपबद्दल आता बोलता येणार नाही. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी मागच्या टेबलापाशी यावं, आपण पॉवरटॉप लावून बघू. चार्जर मात्र पिशवीतच राहू द्या.