खेळाडूचे मन : एक सार्वजनिक जबाबदारी

(दिंडोरी येथे युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने खेळाडूंच्या मनाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शेतमालाचे भाव, कर्जमाफी, रोजगार हमी हे माझे नेहमीचे विषय. परंतु ज्या प्रश्नाकडे आपण व्यक्तीचा खासगी प्रश्न म्हणून पाहतो, त्याच्या तळाशी पुष्कळदा वाटपाचा प्रश्न दडलेला असतो. खेळाडूला मानसिक आधार कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने द्यावयाचा, हा तसाच प्रश्न आहे, अशी माझी समजूत आहे. आज तीच आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. २०१४ च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात गारपीट झाली, ती आपण विसरला नसाल. त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. पाच हजार मीटर धावत असे. बाप द्राक्षबागेत मजूर, घर पेठच्या बाजूचे. एका स्पर्धेत दोन फेऱ्या उरल्या असताना, पहिल्या तिघींत असताना, ती एकाएकी मार्ग सोडून बाहेर आली आणि गवतावर बसून राहिली. दुखापत नव्हती. "मनाने कच्ची आहे", असे सर्वांचे मत पडले. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून जिद्द, चिकाटी आणि एकाग्रता यांवर अर्धा तास ऐकवले. तिने मान खाली घालून ऐकले आणि ती निघून गेली. पुढे महिन्याभरात तिने कॉलेजही सोडले.

खरी गोष्ट मला नंतर समजली. बापाने बागमालकाकडून उचल घेतली होती. गारांनी बाग झोडपली, काम थांबले, उचल तशीच राहिली. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि "या वेळी नंबर आला तरच पुढे शिकवू", असे तिला सांगण्यात आले होते. म्हणजे इतर मुली स्पर्धा धावत होत्या आणि ही मुलगी आपले उर्वरित आयुष्य धावत होती. तिला माझ्या व्याख्यानाची नव्हे, तर एका प्रश्नाची गरज होती : "बाई, घरी काय चालले आहे?" तो प्रश्न मी विचारला नाही. तो विचारणे हे माझे, क्रीडाशिक्षकाचे किंवा आणखी कोणाचे काम आहे, असे कोठे लिहिलेलेच नव्हते.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून एक निष्कर्ष काढला. उत्तेजना वाढते तशी कामगिरी काही मर्यादेपर्यंत सुधारते, पण काम अवघड असेल तर त्या मर्यादेपलीकडे ती ढासळू लागते. पुढे हा निष्कर्ष माणसांच्या बाबतीतही वापरला जाऊ लागला. थोडा ताण खेळाडूला जागा ठेवतो, अतिताण त्याचे स्नायू आखडवतो, श्वास उथळ करतो, नजर विचलित करतो. ही शरीराची प्रक्रिया आहे, तिला भित्रेपणा म्हणणे अज्ञानाचे लक्षण होय. आणि जी शरीराची प्रक्रिया आहे तिच्यावर सरावाने ताबा मिळवता येतो. संथ व दीर्घ उच्छ्वास, स्पर्धेपूर्वीचा ठरावीक क्रम, आपली धाव वा आपला नेम मनासमोर पाहण्याचा अभ्यास, निकालाऐवजी हातातल्या कृतीवर लक्ष, या सर्व गोष्टी पोहण्याइतक्याच शिकवता येतात.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेले भीष्मराज बाम नाशकात राहून हेच काम करीत होते. पतंजलीच्या योगविचाराची आधुनिक मानसशास्त्राशी सांगड घालून त्यांनी नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांना घडवले. राहुल द्रविड, पुल्लेला गोपीचंद, अंजली भागवत यांच्यासारख्यांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले. 'मार्ग यशाचा' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. मे २०१७ मध्ये नाशकात व्याख्यान देत असतानाच त्यांचे निधन झाले. नाशिकच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी आपण केवळ श्वासावर लक्ष ठेवले होते, असे त्याने नंतर सांगितले. श्वासाचे हे शिक्षण पदकाच्या किती जवळ असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

मग अडचण कोठे आहे? ज्ञान आहे, जाणकार माणसेही आहेत. अडचण वाटपात आहे. केंद्र सरकारची २०१४ पासूनची ऑलिम्पिक पदकांसाठीची योजना पाहा. तिच्यात निवडलेल्या खेळाडूला मासिक भत्ता, परदेशी प्रशिक्षण, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असे सर्व काही मिळते. याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हे मिळते कोणाला? जो आधीच वर पोहोचला आहे त्याला. जी मुलगी वर जाण्याच्या वाटेवर आहे, जिचे एका शर्यतीवर सारे अवलंबून आहे, तिच्यासाठी तालुक्यात काय आहे? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जोखीम सर्वस्वी गरीब कुटुंबाने उचलायची आणि विम्याचे संरक्षण मात्र विजेत्याला, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आपण वाघाडच्या परिसरातील माणसे आहोत, आपल्याला हे कालव्याच्या भाषेत अधिक लवकर समजेल. धरणात पाणी असते, मुखाकडचे शेत भिजते आणि शेपटाकडचा शेतकरी वाट पाहत बसतो. १९९० च्या सुमारास वाघाडच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आले. शेपटाला पाणी मिळाले ते धरण मोठे केल्यामुळे नव्हे, वाटपाचा नियम बदलल्यामुळे. खेळाडूंच्या मानसिक आधाराचा कालवा आज मुखापाशीच आटतो आहे. आणि आपले खेळाडू येतात ते शेपटाकडून.

हर्सूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आपल्याच तालुक्याची मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावली. या मुलींच्या यशाचे फलक आपण चौकाचौकांत लावले. तथापि त्यांच्या वाटेवर ज्या थांबल्या त्यांची नोंद कोणाच्याही दप्तरी नाही.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची हकिकत मला या दृष्टीने फार बोधप्रद वाटते. बापाबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा. २०११ मध्ये वडील गेले, २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तेथे प्रथमच त्याने वल्हे हाती घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. त्या काळात त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून गंभीर अवस्थेत होती आणि मुलगा कोठे गेला आहे हेही तिला उमगत नव्हते. हा भार छातीवर घेऊन तो वल्हवत होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो अखेरचा आला आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक पटकावले.

पुढे काय झाले? एकेरीच्या शर्यतीत तो मध्येच थांबला, हा शिस्तभंग आहे, असे ठरवून राष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आपली प्रकृती ठीक नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. जानेवारी २०२० मध्ये बंदी मागे घेण्यात आली. त्या वादातील खरेखोटे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मला रचनेविषयी प्रश्न विचारायचा आहे. खेळाडू थांबतो तेव्हा आपल्या व्यवस्थेला सुचणारा पहिला शब्द 'शिस्त' का असतो? "काय झाले?" हा प्रश्न पहिला का नसतो? २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स हिने हवेत असताना आपले शरीरभान हरपते आहे, असे सांगून सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. टीका तिच्यावरही झाली. पण तिचा संघ तिच्या पाठीशी राहिला आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके जिंकली. थांबण्याची मुभा ज्याला असते तो परत येऊ शकतो. आमच्या आश्रमशाळेतील मुलीला एकदा थांबण्याचीही मुभा नसते.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतील. पोटाला भाकर नाही, पायात बूट नाही, तेथे मानसतज्ज्ञ ही चैन नव्हे काय? भाकर आणि बूट हवेतच, त्यांची जागा कोणताही समुपदेशक घेऊ शकत नाही. किंबहुना, "मन खंबीर करा म्हणजे सारे ठीक होईल", असे सांगून व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणाऱ्या प्रचारापासून आपण सावध राहिले पाहिजे. माझ्या विद्यार्थिनीला श्वासाचे व्यायाम शिकवून तिच्या बापाची उचल फिटली नसती. परंतु तिच्याशी विश्वासाने बोलणारे कोणी असते, तर उचलीचा प्रश्न निदान उघड झाला असता, शिष्यवृत्तीची खटपट करता आली असती, लग्न पुढे ढकलण्यासाठी घरी जाऊन बोलता आले असते. गरिबाला मन नसते, असे मानणे हेही शोषणाचेच एक रूप आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे काम प्रशिक्षकच करतो. चांगला प्रशिक्षक पुष्कळ करतो, हे खरे. पण ज्याच्या हाती निवड आहे त्याच्यापाशी खेळाडू आपली भीती उघड करील काय? "झोप लागत नाही", असे सांगितले तर संघातून नाव गेलेच. आणि एखाद्या मुलीला प्रशिक्षकाविषयीच तक्रार असेल तर तिने कोणाकडे जावे? म्हणून आधार देणारी व्यक्ती निवडीच्या अधिकारापासून पूर्णपणे अलग असली पाहिजे. न्यायाधीश आणि फिर्यादी एकच नसावा, इतके हे साधे तत्त्व आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. खेळाडू त्याला अपवाद नाही.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. स्पर्धेसाठी मन घडवणे हे एक काम, आजारी मनावर उपचार करणे हे दुसरे. पहिले काम शिकलेला क्रीडाशिक्षकही काही अंशी करू शकतो. पण ज्या मुलाची झोप, भूक, बोलणे बंद झाले आहे, जो जीव नकोसा झाल्याचे सांगतो, त्याला जिद्दीचे धडे न देता डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. प्रत्येक क्रीडांगणाच्या भिंतीवर हा क्रमांक रंगवावा, इतके काम तर आपण उद्या सकाळी करू शकतो.

मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली, तालुक्याच्या क्रीडा संकुलासाठी आणि परिसरातील आश्रमशाळांसाठी मिळून निदान एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक नेमावा आणि निवड समितीशी त्याचा संबंध नसावा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, निवेदन घेऊन जाण्यास लांब पडणार नाही. दुसरी, क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाचा अंतर्भाव व्हावा. तिसरी, खेळाडूवर शिस्तभंगाची कारवाई करण्यापूर्वी त्याची वैद्यकीय व मानसिक विचारपूस बंधनकारक करावी. चौथी, दुखापत किंवा अपयश आल्यास शिष्यवृत्ती वर्षभर तरी चालू राहावी, कारण उद्याची शाश्वती हे मनाचे पहिले औषध आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने नवे क्रीडा धोरण मंजूर केले. त्यात क्रीडाविज्ञानाचाही विचार आहे. तो दिल्लीच्या कागदावरून दिंडोरीच्या मैदानापर्यंत येईल की नाही, हे आपल्या रेट्यावर अवलंबून राहील.

आणि शेवटी एक काम असे, की ज्याला कोणत्याही ठरावाची गरज नाही. जिंकून आलेल्या मुलाच्या स्वागताला आपण ढोलताशे घेऊन जातो. यापुढे हरून आलेल्या मुलीच्या घरीही आपल्यापैकी एकाने जावे. भाषण करू नये. चहा घ्यावा, बसावे आणि "घरी काय चालले आहे?" एवढे विचारावे. अकरा वर्षांहून अधिक काळ झाला, मी विचारायला विसरलो त्या प्रश्नाचे ओझे माझ्या मनावर आहे. ते आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठीच आज येथे आलो.