तिसऱ्याला मत द्यायचं का? आधी काटा नीट धरू

(ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा मतदानाआधी अकोले तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत झालेलं बोलणं)



हळवं भात कापणीला आलंय, तरी आपण काम टाकून जमलोय. १३ तारखेला मतदान आहे आणि प्रत्येक वाडीत एकच वाद चाललाय. राज्यात एका बाजूला शिवसेना-भाजपची युती, दुसऱ्या बाजूला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी. त्यात यंदा डावे, शेकाप, रिपब्लिकन गट यांनी मिळून ‘रिडालोस’ नावाची तिसरी आघाडी केलीय. मनसे पहिल्यांदाच विधानसभेला उतरलीय. अपक्ष तर दर वेळी असतातच. पोरं म्हणतात, जो जंगल-जमिनीचं बोलतो त्यालाच मत द्या. म्हातारी माणसं म्हणतात, पडणाऱ्याला मत म्हणजे कातळावर पेरलेली नागली.

आम्ही आज कुणाचं नाव सांगायला आलेलो नाही. कुणाला कसं जोखायचं, एवढंच बोलू.

आपलं काय पणाला लागलंय ते आधी बघू. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. पाणी खाली उसाला गेलं, आपण वर कोरडेच राहिलो. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. राबाचा पाला, हिरडा, गुरांची चराई, सगळ्यावर बंधन आलं. मग घाटघरचा वीज प्रकल्प आला. दर वेळी सांगितलं, जमीन सरकारची आहे. सरकारची म्हणजे सगळ्यांची, असंही म्हणतात. मग जे तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांना कुणी का विचारलं नाही?

आता वनहक्क कायदा कसा झाला ते आठवा. मे २००२ मध्ये दिल्लीहून जंगलातली अतिक्रमणं काढायचा आदेश निघाला. देशभर घरं पाडली, पिकं तुडवली. आदिवासी रस्त्यावर आले. २००४ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. काँग्रेसच्या सरकारला डाव्यांच्या साठेक खासदारांचा बाहेरून टेकू लागला. त्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात लिहिलं गेलं, की आदिवासींना जंगलातून हुसकावणं थांबवू. पुढं कायद्याचा मसुदा आला, त्यात २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचाच ताबा धरला होता. संसदेच्या संयुक्त समितीपुढं हा मुद्दा लढवला गेला, आणि डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा तारीख १३ डिसेंबर २००५ झाली. मधली पंचवीस वर्षं म्हणजे आपल्यातल्या कितीतरी घरांचा प्लॉट.

म्हणजे थोड्या जागांना वजन नसतं, हे खरं नाही. पण रस्त्यावर आपण नसतो, तर त्या साठ जणांनी तरी एकट्यानं काय केलं असतं?

दुसरी बाजूही सांगतो. तिसरा आहे म्हणून तो आपला, असं नाही. मागे एका निवडणुकीत आपल्यातल्याच दोन वाड्यांनी एका अपक्षाला गठ्ठ्यानं मतं दिली. ‘जंगल आपलं’ म्हणत तो दारोदार फिरला होता. मतमोजणी झाली आणि माणूस गायब. नंतर कळलं, त्याच्या गाड्यांचं डिझेल दुसऱ्याच उमेदवाराच्या नावावर भरलं जात होतं. आपली मतं फोडायलाच त्याला उभा केला होता. हिरडा विकताना व्यापाऱ्याचा काटा आपण डोळे लावून बघतो. मग इथं का नाही बघायचं?

म्हणून जो येईल त्याला, मोठा असो की छोटा, हे पाच प्रश्न विचारा.

१. गार्डनं प्लॉटवर चर खणले, दंडाच्या पावत्या फाडल्या, तेव्हा तुम्ही कुठं होता?

२. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय जंगलाची जमीन कुठल्याही प्रकल्पाला देणार नाही, हे कागदावर लिहून सही कराल का?

३. पेसा कायदा १९९६ चा. तेरा वर्षं झाली, राज्यानं नियम केले नाहीत. विधानसभेत हा प्रश्न मांडाल का?

४. याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आमच्या गावांना तो मिळावा म्हणून काय कराल? नुसते वैयक्तिक प्लॉट सांगू नका.

५. पडलात तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुठं असाल?

आता हिशेब. पुढच्या दोघांतला एक जण आपल्या जमिनीच्या उघड विरोधात असेल आणि लढत चुरशीची असेल, तर आधी त्याला अडवणं हेही शहाणपणच. त्यात कमीपणा नाही. पण पुढचे दोघे आपल्या पाच प्रश्नांना सारखंच टाळत असतील, तर त्यांच्यातला कोण निवडून आला यानं आपलं काय बदलणार? अशा वेळी खऱ्या माणसाला दिलेलं मत वाया जात नाही. मतं बूथवार मोजली जातात. या वाड्या जंगलाच्या प्रश्नावर एक होतात, हे पुढाऱ्यांना आकड्यात दिसतं. पुढच्या वेळी ते आपल्या दारात वेगळ्या तोंडानं येतात. शेजारी सुरगाण्यात जिवा पांडू गावित लाल बावट्यावर पुन्हा पुन्हा निवडून आलेत. तिथंही सुरुवात अशाच थोड्या मतांनी झाली असणार.

काही पोरं म्हणतात, कुणालाच नको, ४९-ओ करू. करा, हक्क आहे. पण त्यात नोंदवहीत शेरा लिहितात, सही घेतात. गुप्त राहत नाही आणि निकालही बदलत नाही, हे माहीत असू द्या.

बूथवरचा आकडा कळतो, पण तुमचं एकटीचं, एकट्याचं मत कुणालाही कळत नाही. बायांनो, हे घरच्या माणसालाही सांगा. रात्री येणारी बाटली आणि नोट यांनी बटण बांधलं जात नाही.

तेव्हा प्रत्येक वाडीनं येत्या दोन दिवसांत बसावं. बायांची बैठक वेगळी घ्यावी. उमेदवारांना निरोप धाडावा आणि कोण आला, कोण नाही, कुणी सही केली, हे वहीत लिहावं.

आणि शेवटचं. मत एका दिवसाचं, वनहक्क समिती बारा महिन्यांची. ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं जमली नाहीत, तर कोणताही आमदार आपला दावा वाचवू शकत नाही. दाव्याची पोच ज्यांनी घेतली नाही त्यांनी ती मागून घ्या. दावा निकाली निघेपर्यंत कायद्यानं कुणालाही प्लॉटवरून उठवता येत नाही, हे गार्डला तोंडावर सांगा.

२२ तारखेला कुणीही निवडून येवो, २३ ला आपण पुन्हा इथंच भेटू, ती वही घेऊन.

जिंदाबाद!