यंत्रावरचा स्टिकर

दुखणं वाढलं की जयसिंगपूरचा माणूस मिरजेच्या शासकीय रुग्णालयाकडे नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे धाव घेतो. तिथं डॉक्टर भेटले, पण यंत्रच बंद असलं तर? केंद्रानं देशातल्या सरकारी दवाखान्यांची पाहणी केली, तेव्हा राज्याराज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणं बंद निघाली. कारणं पुष्कळदा साधी असतात. बीपीच्या पट्ट्याची नळी चिरलेली, बॅटरी उतरलेली, निर्जंतुकीकरणाच्या भांड्याचं रबर झिजून वाफ सुटत असलेली. पन्नास रुपयांच्या भागापायी लाखाचं यंत्र कोपऱ्यात धूळ खातं, हे पाहवत नाही.

म्हणून 2015मध्ये देखभालीचा कार्यक्रम आला. प्रत्येक उपकरणाला क्रमांकाचा स्टिकर, बिघाड कळवायला मोफत फोन. जिल्हा रुग्णालयात 95, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ यंत्रं चालू हवीत, असं ठरलं. खेड्यासाठी हा 80चा आकडा मला कमीच वाटतो.

आणि यंत्रांच्या देखभालीचा विषय निघाला की भंडारा विसरता येत नाही. 9 जानेवारी 2021च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले.