घरफोडीचा आळ आणि आरोपीचा बचाव

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कमिटीला मी विषय कळवला तेव्हा एक ज्येष्ठ मला म्हणाले, "वकीलसाहेब, वर्धापनदिनाला चोरांचा विषय कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. घरफोड्या काही फक्त बंगल्यात होत नाहीत. आपल्या वस्तीतही पत्रा उचकटून पेटी नेतात. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले चार दागिने गेले की त्या घरात काय होते, ते इथे बसलेल्या काही बायांना माहीत आहे. खरा चोर सापडावा, त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो सापडतो कोण याबद्दल.

बंगला फुटला की पहिल्या दिवशी कोणाला उचलतात? धुणीभांडी करणाऱ्या बाईला, वॉचमनला, महिन्यापूर्वी रंग देऊन गेलेल्या पेंटरला. तिथे काही मिळाले नाही की 'रेकॉर्डवरचे' काढतात. आणि रस्त्याकडेला पारध्यांचे पाल असेल तर विचारायलाच नको. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेले होते, सेटलमेंट म्हणत त्याला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, लोक विमुक्त झाले. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलीस ठाण्यातल्या वहीतली नावे काही पुसली गेली नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातीवर आधारलेल्या कामांबद्दल निकाल दिला. त्यातही विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना वेगळे बजवावे लागले. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर!

याची किंमत किती, ते नाशिकजवळच्या एका प्रकरणावरून कळेल. ते साध्या घरफोडीचे नव्हते, २००३ सालचा दरोडा, खून आणि बलात्कार होता. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात फाशीपर्यंत नेले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून आधी वेगळीच चार माणसे ओळखली होती. त्यांचे पुढे काहीच झाले नाही. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षे गेली होती. म्हणून म्हणतो, बचाव हा चोराला सोडवण्याचा धंदा आहे ही समजूत डोक्यातून काढा.

आता कामाचे बोलू. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, कलमांचे नंबर बदलले. जुने ३८० म्हणजे राहत्या घरातली चोरी, ते आता भारतीय न्याय संहितेत ३०५ झाले. जुने ४५४ आणि ४५७ आता ३३१ मध्ये गेले. हे का सांगतो? नुसत्या ३०५ ला जास्तीत जास्त सात वर्षे शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितले आहे. पण चोरीसाठी दिवसा घर फोडले तर दहा वर्षांपर्यंत आणि रात्री फोडले तर चौदा वर्षांपर्यंत. एक कलम वाढले की अटकेची ती अडचण संपली. त्यामुळे फिर्याद नीट वाचायची. कुलूप तोडले, किल्लीने उघडले, खिडकीतून शिरला, तर ती घरफोडी. दार सताड उघडे होते आणि माणूस सरळ आत गेला, तर ती घरफोडी नव्हे. लपूनछपून गेला का, हा प्रश्न निराळा. बरं, रात्र म्हणजे कायद्याच्या हिशेबाने सूर्यास्त ते सूर्योदय. घरचे लोक चार दिवस गावाला गेले होते, चोरी कधी झाली कोणालाच माहीत नाही, तरी रात्रीचे कलम लागलेले असते. ते रात्रीच झाले हे सिद्ध सरकार पक्षाने करायचे आहे.

माणूस उचलला की घरचे दोन चुका करतात. एक, पुढाऱ्याकडे धावतात. दोन, 'सकाळी सोडतो म्हणालेत' यावर विश्वास ठेवून घरी बसतात. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. मूळ मसुद्यात हे नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी ते घटना समितीपुढे नवीन कलम म्हणून मांडले. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात जी उणीव राहिली अशी टीका होत होती, ती काही अंशी भरून काढायला. स्वतः कोर्टात उभा राहिलेला माणूस होता, पोलीस कोठडी म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

अटकेची कारणे माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, असे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. नातेवाइकाला कळवणे, अटकेचा कागद करणे, कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आले आहे. मार लागला असेल तर मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर बोलायचे. नाही विचारले तरी बोलायचे. त्या दिवशी गप्प बसलात तर सहा महिन्यांनी कोणी ऐकत नाही.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि स्त्रियांनाही मिळतो. प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस आहे. फोन नंबर १५१००, लिहून घ्या. फुकटचा वकील नीट काम करतो का, असे विचाराल. काही करतात, काही तारखेला येतही नाहीत. येत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून बदलून मागा. उपकार नाही, हक्क आहे.

आता या केसचा गाभा. घरफोडीला डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार बहुतेक नसतोच. केस उभी राहते मुद्देमालावर. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पण आरोपीने काही सांगितले आणि त्यावरून वस्तू सापडली, तर जेवढ्या सांगण्यावरून ती सापडली तेवढाच भाग चालतो. जुने २७ कलम ते हेच. 'मी चोरी केली' हा भाग गळतो, 'दागिने अमक्या ठिकाणी पुरले आहेत, दाखवतो' एवढा राहतो. म्हणून निवेदन पंचनाम्याला इतके महत्त्व. जागा पोलिसांना आधीच माहीत होती का? माती ताजी उकरलेली होती का? पंच कोण? तोच पानटपरीवाला दहा पंचनाम्यांत असेल तर जुने निकाल काढून उलटतपासणीत दाखवा. झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रण आता कायद्याने बंधनकारक आहे. ते कुठे आहे, हा प्रश्न पहिल्या दिवशी लेखी विचारा.

सोन्याचे तर वेगळेच. फिर्यादीत 'अंदाजे पाच तोळे दागिने' असे मोघम असते. आरोपी पकडल्यावर पुरवणी जबाब येतो आणि त्यात सापडलेल्या वस्तूंशी तंतोतंत जुळणारी यादी असते! काही प्रकरणांत सराफाकडून वितळवलेली लगड जप्त करतात. अहो, लगडीवर काय मंगळसूत्र लिहिलेले असते? फिर्यादी बाई ती ओळखणार कशी? पावती, घडणावळीची खूण, लग्नातला फोटो, यांतले काहीतरी लागते. उलट बाजूही सांगतो. चोरीनंतर लगेच माल घरात सापडला आणि कुठून आणला ते सांगता आले नाही, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. मित्राने 'ठेव दोन दिवस' म्हणून दिलेली पिशवी घरात ठेवू नका, पोरांनो.

आरोपी त्या रात्री कामावर होता असे असेल तर हजेरीपट, कंपनीच्या गेटवरचे रजिस्टर, सीसीटीव्ही लगेच मागा. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. सोसायटीला, कंपनीला त्याच आठवड्यात पत्र द्या आणि पोच घ्या.

जामिनाबद्दल. दोषारोपपत्र मुदतीत आले नाही तर जामीन हक्काने मिळतो. मुदत गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवस. तुमच्या प्रकरणात कोणती, ते वकिलाला विचारून कॅलेंडरवर खूण करा. अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे, नंतर तो हक्क उरत नाही. जामीन मंजूर होऊनही माणसे आत राहतात, कारण हमीदार नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा हमीदार मागितला होता, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या भावाचा जामीन चालत नाही म्हणाले. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली आणि जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. तो निकाल आजही वापरता येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पोरगा वर्षभर आत असतो, आणि कोणीतरी सांगते, 'कबूल कर, भोगलेल्या शिक्षेवर आजच सुटशील.' आईला वाटते, सुटला एकदाचा. पण ती शिक्षा झाली, रेकॉर्ड झाले. पुढच्या अशाच गुन्ह्यात पूर्वीच्या शिक्षेमुळे जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा वाढू शकते, तसे कलम आहे. पुढच्या प्रत्येक घरफोडीला पोलीस त्याच्याच दारात. खरोखर गुन्हा केला असेल आणि पहिलाच असेल, तरी १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी आधी करा. केलाच नसेल तर कंटाळून कबूल करू नका.

आपल्या विहार कमिटीने एक काम हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. ज्यांच्याकडे पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड व्यवस्थित आहे आणि जे हमीदार व्हायला तयार आहेत, अशा दहा-बारा जणांची यादी करावी. कोणासाठी उभे राहायचे ते प्रत्येक वेळी बसून ठरवा, डोळे झाकून नको. आरोपी पळाला तर रक्कम भरावी लागते, हेही त्यांना आधी सांगा.

जेवणानंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. कोणाकडे रिमांडचे किंवा दोषारोपपत्राचे कागद असतील तर घेऊन या. झेरॉक्स आणा, मूळ कागद कोणालाच देऊ नका, मलासुद्धा.