रविवर्म्यांची लक्ष्मी आणि समीक्षकांचा रोष



कलावंताला बाजारात यश लाभले की त्याच्या कलेविषयीच शंका घ्यावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांना तिचा फटका विशेष बसला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गौरव झालेल्या आणि त्रावणकोर-बडोद्याच्या दरबारांनी सन्मानिलेल्या या चित्रकाराने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. राजवाड्यांतील लक्ष्मी-सरस्वती कागदावर उतरून अल्प किमतीत घरोघर गेल्या.

समीक्षक मात्र रुष्ट झाले. कमलपत्रावर पत्र लिहीत पहुडलेली शकुंतला भगिनी निवेदितांना अशोभनीय वाटली. आनंद कुमारस्वामींना या देवदेवतांत नाटकीपणा आढळला, कल्पनाशक्ती आढळली नाही. हे आक्षेप निराधार नव्हते. परंतु ही चित्रे घेणाऱ्यांना त्यांत काय गवसले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. त्यापूर्वी तीन तपे ही चित्रे विकली जात होती. देवळाचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांनाही देवाचे दर्शन आपल्या भिंतीवर घडू शकत होते. त्यासाठी पुजाऱ्याची अनुज्ञा लागत नव्हती.

म्हणून बाजार हा मुक्तिदाता ठरत नाही. गौर वर्ण, भरजरी वस्त्रे, अंगभर अलंकार, असे संपन्न घरच्या स्त्रीचे रूप देवीला मिळाले आणि तेच घरोघर रुजले. शेतात राबणाऱ्या स्त्रीला त्यात आपला चेहरा दिसणे शक्य नव्हते. चित्र भारतीय की पाश्चात्त्य, या वादात गुंतलेल्या समीक्षेला हे वैगुण्य जाणवले नाही.

आणखी एक विपर्यास ध्यानात घ्यावा. ज्याला बाजारू म्हणून हिणवले, त्या चित्रकाराला छापखान्याने कर्जातच लोटले. लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेला तो छापखाना विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रे त्यानंतरही खपत राहिली, पण तो व्यवसाय आता रविवर्म्यांचा नव्हता.

तेव्हा खपाचा आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तसा तो गुन्ह्याचाही नव्हे. समीक्षकाने चित्राची कठोर चिकित्सा अवश्य करावी. मात्र तत्पूर्वी, ते विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्या माणसाच्या घरी एकदा जाऊन यावे.