ड्रॉइंग कुणाचं, सोल्डर कुणाचं?



मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. ह्यानं सर्किटवर का बोलावं, असं कुणी म्हणंल. त्या 'का'मध्येच सगळी जात बसलीय.

१९७३ साली इथं अंधेरीत सीप्झ उभं राहिलं. तेव्हा फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी, माल परदेशी पाठवायला. दागिन्यांचे कारखाने मागून आले. सोल्डरिंगच्या लाइनीवर बायापोरी बसल्या. ड्रॉइंग मात्र वरून यायचं.

डिझाइन इंजिनीअर काय करतो? कुठला रेझिस्टर, किती व्होल्ट, तांब्याची वाट कुठून, हे ठरवतो. पण कागदावर चालणारं सर्किट लाइनीवर मरतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला अधिक-उणे बाजू असते. त्यांची तोंडं चार दिशांना ठेवली तर घाईत एखादा उलटा बसणारच. तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून ठेवला तर लवकर सुकणार. पाय तांब्याच्या रुंद पट्ट्यात थेट घातला तर पट्टा उष्णता ओढून घेतो, टाका कच्चा राहतो. ड्राय सोल्डर! हे आधी कळतं कुणाला? टाका मारणारीला. बोलणी कुणाला? तिलाच.

राखीव जागा सरकारी नोकरीत. खासगी कारखान्याच्या डिझाइनच्या खोलीला कायदा ते विचारत नाही. मग आपण विचारू.

ड्रॉइंग पक्कं करण्याआधी लाइनीवर दाखवा. तिनं काढलेली चूक तिच्या नावानं लिहा. आणि पोरापोरींनो, सोल्डर शिका, पण तिथंच थांबू नका. डिप्लोमा करा, डिग्री करा, त्या टेबलावरची पेन्सिल हातात घ्या.

जयभीम!